उपनगरांतील बागांसाठी सदाफुलीचे भूआच्छादन

मुंबईच्या उपनगरांत पाऊस कमी पडतो, असे कोणीही म्हणणार नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी सुमारे २,३०० मिलिमीटर पाऊस नोंदला जातो. २६ जुलै २००५ रोजी तर तेथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. परंतु ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस एकदा परतला, म्हणजे पुढील जूनपर्यंत त्याचे दर्शन क्वचितच घडते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांतील बागेला अशा रीतीने वर्षाचे चार महिने अतिवृष्टी आणि आठ महिने अवर्षण या दोन्ही टोकांना तोंड द्यावे लागते. बागेसाठी झाड निवडताना ही गोष्ट बहुधा विसरली जाते व त्यामुळेच दरवर्षी पुष्कळशी रोपे, पैसा आणि पाणी वाया जाते.

उपनगरांतील गृहनिर्माण संस्थांच्या आवारात, शाळांच्या पटांगणाभोवती आणि बंगल्यांच्या पुढेमागे मोकळी जमीन थोडी असली, तरी ती उघडी ठेवणे इष्ट नाही. उघडी जमीन पावसात धुपते, उन्हाळ्यात तापते आणि धूळ उडविते. ती झाकण्यासाठी ठेंगणी, दाट वाढणारी, बारमाही झाडे लावतात. त्यांना भूआच्छादनाची झाडे म्हणावे. या कामासाठी सदाफुली ही आपल्या परिचयाची, कमी पाण्यावर तगणारी व वर्षभर फुलणारी वनस्पती कशी उपयोगी पडते आणि तिची लागवड करताना कोणती दक्षता घ्यावी, याची माहिती या लेखात दिली आहे.

हिरवळ आणि पाण्याचा हिशेब

आवार म्हटले की प्रथम हिरवळ आठवते. हिरवळ डोळ्यांना सुखावते यात शंका नाही. पण तिचा पाण्याचा हिशेब मांडून पाहावा. उन्हाळ्यात एक चौरस मीटर हिरवळीला दररोज सुमारे ५ लिटर पाणी लागते. २०० चौरस मीटरच्या हिरवळीला म्हणजे दररोज १,००० लिटर, आठवड्याला ७,००० लिटर. तितक्याच जमिनीवर सदाफुली लावली व ती चांगली मुरली, म्हणजे आठवड्यातून एकदा दर चौरस मीटरला १० लिटर पाणी पुरेसे होते; आठवड्याला २,००० लिटर. बचत ५,००० लिटरांची. माणशी दररोज १३५ लिटर हे घरगुती वापराचे प्रमाण धरले, तर एवढ्या पाण्यात पाच माणसांच्या कुटुंबाची आठवडाभराची गरज भागते.

मुंबईला विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, ऊर्ध्व वैतरणा व भातसा या सात जलाशयांतून दररोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरविले जाते. यांतील बहुतेक जलाशय ठाणे व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांत, शहरापासून दूर आहेत. पाऊस लांबला की पाण्यात कपात होते. २०२४ साली ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के कपात करावी लागली होती. अशा वेळी वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडात नळ कोरडा आणि खाली हिरवळीवर पाण्याची फवार, हे दृश्य शोभणारे नाही. ज्या जागी मुले खेळतात तेथे हिरवळ अवश्य राखावी, कारण सदाफुली पायदळी तुडविलेली सहन करीत नाही. परंतु जी हिरवळ केवळ पाहण्यासाठी असते व जिच्याकडेला ‘आत जाऊ नये’ अशी पाटी असते, तिच्या जागी सदाफुली लावण्यास काहीच अडचण नसावी.

वनस्पतीची ओळख

सदाफुली मूळची मादागास्कर बेटावरील. शास्त्रीय भाषेत तिला कॅथरॅन्थस रोझियस म्हणतात. जुन्या पुस्तकांत तिचे नाव व्हिंका रोझिया असे आढळते. ती कण्हेरीच्या कुळातील आहे. झाड ३० ते ९० सेंटिमीटर उंच वाढते. बुटक्या जाती २० ते २५ सेंटिमीटरांवर थांबतात व भूआच्छादनास त्याच अधिक योग्य होत. पाने जाडसर, चकचकीत व समोरासमोर येतात. पाच पाकळ्यांची पांढरी, गुलाबी अथवा मध्यभागी लाल ठिपका असलेली फुले जवळजवळ वर्षभर येत राहतात, आणि त्यावरूनच आपल्याकडे तिला सार्थ नाव मिळाले आहे. तिचे मूळ जमिनीत खोल जाते. या मुळामुळे व जाडसर पानांमुळे ती पाण्याचा ताण सोसते. समुद्रावरून येणारा खारा वाराही तिला फारसा बाधत नाही.

एवढे गुण असूनही बागेत तिला मान मिळत नाही. एका संस्थेच्या सभेत मी ही सूचना केली, तेव्हा एक वयस्क भगिनी म्हणाल्या, “अहो साहेब, सदाफुली कसली लावायची? ती तर गटाराच्या काठीही उगवते.” आक्षेप खरा होता. पण जे झाड कोणाच्या निगेवाचून उगवते, तेच कमी निगेत बाग सांभाळील, हेही तितकेच खरे आहे.

एका चुकीपासून मिळालेला धडा

सदाफुलीच्या लागवडीत सर्वांत मोठी चूक कोणती, हे मी स्वानुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या आवारात माझ्या सल्ल्याने सदाफुलीची ६०० रोपे लावण्यात आली. आपल्याकडे झाड लावावयाचे ते पहिल्या पावसाबरोबर, हा सर्वमान्य प्रघात. तदनुसार जूनच्या मध्यास सपाट वाफ्यांत लागवड केली. पंधरा दिवसांत रोपांनी जीव धरला व सर्वांना आनंद झाला. जुलैत पावसाची झड लागली. फांद्या शेंड्याकडून काळवंडू लागल्या, बुंधे नरम पडले आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात वाफ्यांत मोजकीच रोपे उभी राहिली. ज्या झाडाला पाणी लागत नाही म्हणून मी त्याची शिफारस केली होती, ते पाण्यानेच मेले होते.

संस्थेचे माळीबुवा मला आवाराच्या मागील भिंतीकडे घेऊन गेले. भिंतीच्या फटीत सदाफुलीचे एक झाड भर पावसात टवटवीत फुललेले होते. “साहेब, हिला कोणी लावले नाही, म्हणून ही जगली,” ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात थोडी थट्टा होती, पण शास्त्रही होते. भिंतीच्या फटीत मुळाशी पाणी क्षणभरही थांबत नाही, झाडाभोवती वारा खेळता राहतो आणि पाने लवकर सुकतात. सपाट वाफ्यात यांपैकी एकही गोष्ट नव्हती. दाट झाडीत सतत ओलावा राहिला, म्हणजे फायटोफ्थोरा व पिथियम यांसारख्या बुरशींची झपाट्याने वाढ होते आणि मर, मूळकूज व शेंडेमर हे रोग उद्भवतात. तात्पर्य, मुंबईत सदाफुलीला अवर्षणाची भीती नाही. तिचा खरा शत्रू साचलेले पाणी हा आहे. पुढील सर्व सूचना हे एकच सूत्र धरून केलेल्या आहेत.

जमिनीची तयारी

जागा निवडताना दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशी निवडावी. दोन उंच इमारतींमधील सावलीच्या बोळात सदाफुली लावू नये. तेथे ती उंच, किडकिडीत होते व फुले कमी येतात.

उपनगरांतील आवारांत मूळ जमीन क्वचितच आढळते. बहुतेक ठिकाणी बांधकामाचा राडारोडा, सिमेंट, चुना व विटांचे तुकडे यांची भर असते. अशा जमिनीत चुन्याचा अंश अधिक असल्याने झाडाला लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहून पाने पिवळी पडतात. थोडी माती बशीत घेऊन तीवर व्हिनेगर टाकावे. फेस आल्यास मातीत चुना आहे असे समजावे. अशा ठिकाणी वरचा ३० सेंटिमीटरांचा थर काढून त्या जागी तांबडी माती व चांगले कुजलेले शेणखत अथवा संस्थेतच ओल्या कचऱ्यापासून केलेले कंपोस्ट भरावे.

वाफे जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच, मध्यभागी किंचित फुगीर व १.२ मीटर रुंद करावेत. दोन वाफ्यांमध्ये चर ठेवून त्याचा उतार पावसाळी नाल्याकडे काढावा. जोराच्या पावसानंतर अर्ध्या तासाने पाहणी करावी; चरात पाणी उभे दिसल्यास उतार दुरुस्त करावा. माती चिकट असल्यास तीत एक चतुर्थांश जाड वाळू अथवा बारीक मुरूम मिसळावा. दर चौरस मीटरला सुमारे ३ किलो शेणखत व ५० ग्रॅम निंबोळी पेंड पुरेशी होते. १०० किलो शेणखतात १ किलो ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळून वापरल्यास मुळांच्या रोगांना बराच आळा बसतो.

रोपे तयार करणे

फुलानंतर येणाऱ्या जोडशेंगा पिवळसर होताच, तडकण्यापूर्वी, त्या तोडून कागदावर सावलीत वाळवाव्यात. बी काळे व बारीक असून एका ग्रॅममध्ये सात-आठशे भरते. २५ सेंटिमीटर अंतरावर लागवड करावयाची झाल्यास दर चौरस मीटरला १६ रोपे, म्हणजे १०० चौरस मीटरला १,६०० रोपे लागतात. यासाठी ४ ते ५ ग्रॅम बी व १ मीटर रुंद, ५ मीटर लांब असा एक गादीवाफा पुरतो.

ऑगस्टच्या अखेरीस पावसापासून आडोसा असलेल्या जागी बी पेरावे. १० सेंटिमीटर अंतरावर उथळ ओळी पाडून बी विरळ टाकावे व चाळलेल्या पोयट्याचा पातळ थर वर द्यावा. सदाफुलीचे बी अंधारात चांगले उगवते. म्हणून उगवण होईपर्यंत वाफा गोणपाटाने झाकून ठेवावा आणि कोंब दिसताच गोणपाट काढून टाकावे. यात दिरंगाई झाल्यास रोपे पिवळी व लांबट होतात. एक ते दोन आठवड्यांत उगवण पूर्ण होते. झारीने बेताचे पाणी द्यावे, तेही सकाळी.

एखाद्या झाडाचा रंग विशेष आवडला असेल, तर १० ते १५ सेंटिमीटर लांबीच्या निरोगी, कोवळ्या शेंड्यांचे छाट लावूनही रोपे करता येतात. बियांपासून आलेल्या रोपांत रंग मिसळतात, छाटांपासून झालेल्या रोपांत ते कायम राहतात.

लागवड व निगा

पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ४५ ते ५० दिवसांची रोपे सायंकाळी लावावीत. बुटक्या जातींसाठी २५ व उंच जातींसाठी ३० सेंटिमीटर अंतर ठेवावे. जमीन लवकर झाकावी म्हणून याहून दाट लागवड करण्याचा मोह टाळावा, कारण पुढील पावसाळ्यात त्याची किंमत मोजावी लागते. बुंधा रोपवाटिकेत होता तितकाच खोल ठेवावा. मेलेल्या रोपांच्या जागी पंधरा दिवसांच्या आत नांग्या भराव्यात.

पहिले तीन आठवडे एक दिवसाआड, पुढे महिनाभर आठवड्यातून दोनदा आणि त्यानंतर आठवड्यातून एकदा पाणी द्यावे. दररोज थोडे पाणी देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा भरपूर दिल्याने मुळे खोल जातात व झाड ताण सोसण्यास समर्थ होते. दुपारी पाने थोडी मिटलेली दिसली तरी घाबरून पाणी घालू नये. सायंकाळीही ती तशीच राहिली तरच पाण्याची गरज आहे असे समजावे. पाणी मुळाशी द्यावे. नळीने पानांवर फवारू नये. शक्य तेथे ठिबक नळ्या टाकाव्यात.

रोपे १२ ते १५ सेंटिमीटर उंच झाली की शेंडे खुडावेत, म्हणजे बगलेतून फांद्या फुटून झाड पसरट होते. पहिले दोन-तीन महिने दोन खुरपण्या लागतात. पुढे झाडांच्या सावलीमुळे तण फारसे वाढत नाही. नत्रयुक्त खतांचा मारा करू नये. त्यामुळे पाने माजतात व फुले घटतात. पाने पिवळी पडल्यास एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी फवारावे.

मेअखेरीस प्रत्येक झाडाच्या आतील दाट व जमिनीला टेकलेल्या फांद्या काढून टाकाव्यात, म्हणजे पावसाळ्यात वारा खेळता राहतो. पावसाळा संपल्यावर एक तृतीयांश उंची राखून छाटणी करावी. दोन-तीन वर्षांनी झाडे जून होऊन बुडाशी उघडी पडतात; त्यांच्या जागी नवीन रोपे लावावीत. तोवर पडलेल्या बियांतून उगवलेली रोपे वाफ्यातच मिळतात.

रोग व कीड

शेंडेमर दिसताच रोगट झाड मातीसह उपटून आवाराबाहेर न्यावे व त्या जागी लगेच दुसरे लावू नये. प्रतिबंधक म्हणून पावसाच्या उघडिपीत एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. १० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात व १० ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या अथवा मातीच्या निरनिराळ्या भांड्यांत विरघळवावा. मग मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ओतून ढवळावे. मिश्रणात लोखंडी चाकू बुडविल्यावर त्यावर तांबूस थर चढला तर आणखी थोडी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. कोवळ्या रोपांसाठी ते अर्ध्या तीव्रतेचे करावे.

काही झाडांना फुलांच्या जागी हिरव्या पानांसारखे झुबके येतात व पाने बारीक होतात. हा पर्णगुच्छाचा रोग असून तो तुडतुड्यांमार्फत पसरतो. त्यावर औषध नाही. झाड उपटून नष्ट करणे हाच उपाय आहे. तुडतुडे व पिठ्या ढेकूण यांसाठी ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी.

औषधी गुण आणि एक इशारा

रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर या कॅनडातील शास्त्रज्ञांकडे जमैकाहून सदाफुलीची पाने आली होती. तेथे मधुमेहावर त्यांचा काढा घेत असत. तपासणीत रक्तशर्करा उतरली नाही. परंतु रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्याचे दिसले. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हे द्रव्य हाती आले. पुढे याच वनस्पतीतून मिळालेल्या व्हिनक्रिस्टिनला १९६३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली आणि बालकांच्या रक्तकर्करोगावर ते आजही दिले जाते. एक टन वाळलेल्या पानांतून ही द्रव्ये जेमतेम काही ग्रॅम मिळतात. लखनौच्या केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने औषधी लागवडीसाठी ‘निर्मल’ व ‘धवल’ या पांढऱ्या फुलांच्या जाती दिल्या असून, ‘निर्मल’ शेंडेमरीस प्रतिकारक आहे.

हे सांगण्याचा उद्देश पाने खाण्यास उत्तेजन देणे हा नाही. उलट तसे न करण्याविषयी कळकळीची सूचना देणे हा आहे. मधुमेहावर सकाळी सदाफुलीची पाने वा फुले चावून खाण्याची चाल उपनगरांतही आढळते. जी द्रव्ये कर्करोगाच्या पेशी मारतात ती निरोगी पेशींनाही इजा करू शकतात. त्यांची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावयाची असते. झाडाचे सर्व भाग विषारी आहेत. लहान मुलांना हे समजावून सांगावे आणि छाटणीचा पाला गाईम्हशी व शेळ्यांपुढे कदापि टाकू नये. फुले देवपूजेसाठी खुशाल घ्यावीत.

कोठे लावू नये

सदाफुली सर्व जागांवरचा उपाय नव्हे. जेथे पावसाळ्यात पाणी साचणे टळत नाही, तेथे जलपिंपळी लावावी. ही जमिनीसरपट पसरणारी, तळ्यांच्या काठी आढळणारी बारमाही वनस्पती ओल व कोरड दोन्ही सोसते आणि तिच्या बारीक फुलांवर मधमाश्या येतात. समुद्रकाठच्या निव्वळ वाळूत मर्यादवेल योग्य. घाटकोपरसारख्या टेकड्यांच्या तीव्र उतारावर केवळ सदाफुलीवर विसंबू नये. उतारास आडव्या अशा वाळ्याच्या ओळी आधी लावाव्यात.

पिवळ्या फुलांची वेडेलिया ही वेल लवकर पसरते म्हणून रस्त्यांच्या दुभाजकांत व आवारांत सर्रास लावली जाते. तिचा अंतर्भाव जगातील १०० अत्यंत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत झालेला आहे. तिचा तुटलेला तुकडाही ओल्या जमिनीत मूळ धरतो. बोरिवली व मुलुंड यांच्यामध्ये सुमारे १०३ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. त्याच्या कडेच्या वस्त्यांनी वेडेलिया लावू नये व बागेचा कचरा नाल्यात वा जंगलाच्या कडेला टाकू नये. सदाफुली इतकी आक्रमक नसली, तरी तीही परदेशी आहे. म्हणून उद्यानाच्या सीमेस लागून असलेल्या जमिनीत स्थानिक वनस्पतींनाच अग्रक्रम द्यावा.

समारोप

मुलुंडच्या त्या संस्थेने पुन्हा प्रयत्न करण्याचे धैर्य दाखविले. वाफे उंच केले, चर खणले आणि लागवड ऑक्टोबरात केली. पुढच्या पावसाळ्यात काही झाडे गेली, पण बहुतेक टिकली. संस्थेने आता निम्मी हिरवळ काढली आहे. उरलेल्या निम्म्यावर मुले खेळतात आणि आत न जाण्याची पाटी राहिलेली नाही.

आपल्या आवारात एकदम मोठा फेरफार करण्याची आवश्यकता नाही. यंदा दहा चौरस मीटरांचा एक उंच वाफा करून पाहावा, त्यास दिलेल्या पाण्याची नोंद ठेवावी आणि पावसाळ्यानंतर उरलेली झाडे मोजावीत. तो अनुभव वार्षिक सभेत मांडला, तर पुढील निर्णय रहिवासी आपण होऊन घेतील. पाणी वाचविण्याचे शिक्षण देण्यास अशा वाफ्यासारखे दुसरे साधन नाही.